भरदिवसा लागलेल्या फळ्या

दहा वाजायच्या आतच पिवळी फीत संपली.

केझायाने रिकामी रिळं काउंटरवर ओळीने मांडून ठेवली, म्हणजे लोकांना न सांगता कळेल. पण लानवेरनच्या लोकांना आज सांगूनही काही कळत नव्हतं. काल मतदान झालं होतं, नगरभवनात मोजणी चालली होती, आणि निकाल लागायच्या आत छातीवर लिबरलांचा पिवळा रंग हवा म्हणून जो तो प्रोथेरोंच्या दुकानात घुसत होता. उमेदवार याच दुकानाचा होता ना! कापडवाले जोसाया, केझायाचा धाकटा भाऊ.

"फीत नाही तर नाही, केझाया बाई," लोहार म्हणाला, "पिवळं फ्लॅनेल द्या."

"फ्लॅनेलचं झबलं होतं. छातीवरचं फूल नाही होत."

"मग झबलं द्या!"

पलीकडच्या काउंटरवर नेस्ट, जोसायाची एकोणीस वर्षांची लेक, कात्री चालवत होती. तिच्या हातात सोनेरी गोंडे लोंबत होते.

"नेस्ट! अगं, ती पडद्यांची झालर आहे!"

"होती, आत्या. आता ती राजकारणात पडली."

सगळं दुकान खदखदून हसलं. केझायालाही हसू आलं, आणि लगेच छातीत कळ आली. आज हेच चाललं होतं सकाळपासून. हसू आलं की पाठोपाठ कळ.

चाळीस वर्षांचा तिचा नेम होता. पहाटे उठायचं, एक अध्याय वाचायचा, प्रार्थना करायची, आणि मगच पहिला शब्द बोलायचा, दुकानाची पहिली फळी काढायची. आज प्रार्थनेत 'जोसायाला यश दे' म्हणायला गेली आणि जीभ अडली. कारण जोसाया जिंकला की दुकान जाणार होतं. खासदारकीला पगार नसतो, लंडनला राहायचं तर खायचं काय? म्हणून लोवरीने, त्याच्या बायकोने, गिऱ्हाईक शोधलं होतं. लीड्सचे मिस्टर ओल्डरॉइड. ते कालच आले होते, आणि विक्रीचा कागद आत्ता वरच्या दिवाणखान्यात त्यांच्या मांडीवर होता. 'जिंकलो की सही करतो,' असा शब्द जोसायाने बायकोला दिला होता. हरला तर कागद फाडायचा.

केझायाचं सारं आयुष्य खालच्या त्या काळ्या कापडाच्या काउंटरमागे गेलं होतं. सतरा वर्षांची होती तेव्हा आईबाप एका पंधरवड्यात तापाने गेले. सहा वर्षांचा जोसाया आणि हे दुकान, दोन्ही तिच्या ओटीत पडलं. दोन्ही तिनेच वाढवलं. आता एकासाठी मागायचं म्हणजे दुसऱ्यावर पाणी सोडायचं. बराच वेळ गुडघ्यांवर राहून तिने शेवटी मागितलं, "त्याला यश दे." आणि मग अगदी हळू, देवाला ऐकू गेलं तर गेलं अशा बेताने, "आणि माझा हात धर."

मागचं दार वाजलं, तशी केझाया मागे गेली. जोसाया आत आला. डोक्यावर टोपी नाही, चेहरा पांढराफटक, एक हात छातीवर गच्च.

"काय रे! काय होतंय?"

"ताई, मला बघवत नाही," तो कुजबुजला. "मतांचे गठ्ठे बांधतायत ते. कडेला कड जुळवत नाहीत गं! मी दोनदा हात पुढे केला, घडी घालून देतो म्हणून, तर अधिकारी ओरडला. ईनॉक म्हणाला, दादा, तुम्ही बाहेर जा, नाहीतर मोजणी रद्द होईल." ईनॉक त्यांचा चुलतभाऊ, किराणावाला आणि या निवडणुकीत जोसायाचा कारभारी.

"आणि छातीत काय धरलंयस?"

जोसायाने कोटाच्या आतून मोजपट्टी काढली. घामाने ओली झाली होती. "ही हातात असली की बरं वाटतं."

"वर जाऊ नकोस. ओल्डरॉइड बसलेत."

"आणि लोवरी?"

"त्यांना मनुकांचा गोड पाव कापून देतेय. दुसरा पाव चालू आहे."

जोसाया मागच्या कोठीत फ्लॅनेलच्या गठ्ठ्यावर टेकला. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, पण टेकला तो सहा वर्षांचाच. "ताई, मी लोवरीला शब्द दिलाय."

"मला माहीत आहे. दिलेला शब्द पाळायचा."

"तुला काय वाटतं ते बोल ना."

"मला वाटतं तू झोपावंस. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही."

पुढे तो काही बोलला असता, पण बोलता बोलताच आडवा झाला. फ्लॅनेलचा वास नाकात गेला की त्याला झोप यायची, लहानपणापासूनच. पांघरायला हाताशी आलं ते काळ्या मेरिनोचं ठाण. केझायाने तेच उलगडून त्याच्या अंगावर हनुवटीपर्यंत ओढलं.

पुढच्या दुकानात काचेचं कपाट करकरलं. लोक झालरीवर तुटून पडले होते. "नेस्ट, सगळ्यांना घेऊन बाहेर हो!" केझाया म्हणाली. तिचा आवाज कधी चढत नसे, म्हणूनच की काय, लोक मुकाट बाहेर पडले. नेस्ट सोनेरी झालर झेंड्यासारखी फिरवत पुढे, नगरभवनाकडे, आणि गर्दी तिच्या मागे. केझायाने एकेक करून सोळाही फळ्या लावल्या, लोखंडी आडणा घातला आणि आतून दाराला कडी घातली. भावाला घटकाभर शांत झोप मिळू दे, एवढंच तिच्या मनात होतं.

आणि खरंच शांत झालं.

आधी तिला ती देवाची कृपा वाटली. मग लक्षात आलं, सकाळपासून नगरभवनापुढे वाजणारा बँड थांबलाय. नुसता थांबला नव्हता, सुरावटीच्या मधेच तुटला होता. तिने फळ्यांच्या फटीतून पाहिलं. समोरच्या औषधवाल्याने खिडकीचा पडदा खाली ओढला. शेजारी पाववाल्याने ओढला. मग पोस्टाचा, मग चांभाराचा. रस्त्यातल्या पुरुषांनी टोप्या काढल्या.

"अरे देवा," केझाया पुटपुटली, "कोण गेलं?"

सवयीने तिचे हात चालू लागले. तिने काळ्या हातमोज्यांची पेटी काढली, क्रेपची गुंडाळी काढली, टाचण्या मोजून ठेवल्या. गावात कोणी गेलं की अर्ध्या तासात तिच्याकडे निरोप येई. औषधवाल्याची सासू असेल. नाही, त्याने पडदा सगळ्यांत आधी ओढला खरा, पण बघत होता आपल्याकडे...

मागच्या दारावर थाप पडली. लोवरी जिन्यावरून उतरत होती, हातात पावाची सुरी, कपाळाला आठी. "आता कोण? वन्सं, तुम्ही दुकान बंद का केलंत? ओल्डरॉइडना चालू दुकान दाखवायचं होतं मला!"

तिने दार उघडलं. बाहेर कड्यावरच्या शेतातली शान म्हातारी होती, ऐंशीला टेकलेली, शालीखाली टोपलीत सहा अंडी. तिने काही न बोलता टोपली खाली ठेवली आणि लोवरीला कवेत घेतलं.

केझाया पेटी घेऊन काउंटरमागेच थबकली. लोवरीला या गावात कोणी कवेत घेतलेलं तिने पाहिलं नव्हतं. बावीस वर्षं झाली लग्नाला, पण गावाच्या तोंडी ती अजून 'ती किनाऱ्यावरची'.

लोवरीचा चेहरा उतरला. "झालं का?" तिने हळूच विचारलं. "कळलं सगळ्यांना?"

"कळलं गं बाई. सगळं गाव सुन्न झालंय."

"किती जीव तोडून धडपडले होते हो ते," लोवरी म्हणाली आणि सुरी तिच्या हातातून गळली. निवडणूक हरली असं समजून ती बोलत होती, हे केझायाला दिसत होतं. म्हातारी काय समजून बोलत होती, ते मात्र अजून तिच्या डोक्यात शिरत नव्हतं.

"धीर धर. तू एकटी नाहीस. कापडवाल्या लोवरीला लानवेरन उघडं पडू देणार नाही."

लोवरीने मान वर केली. "काय म्हणालात?"

"लानवेरन उघडं पडू देणार नाही."

"नाही, त्याच्या आधी."

"कापडवाल्या लोवरीला."

लोवरी पायरीवर मटकन बसली आणि लहान मुलीसारखी रडू लागली. म्हातारीला ते रडणं योग्यच वाटलं. तिने पाठीवरून हात फिरवला आणि मागे वळून हाक मारली, "या गं आत. हळू या."

आत बायका आल्या. औषधवाल्याची बायको सुरईत मांसाचा रस्सा घेऊन, पाववालीण गरम पाव घेऊन, चांभाराच्या दोघी मुली नुसतंच रडू घेऊन. "गडबड नाही हो," औषधवालीण म्हणाली, "पण तेवढी दोन वार काळी क्रेप. उद्या सगळ्या एकदम येतील आणि संपेल."

"मला बाही-टोपीपुरती."

"आमच्या घरात नऊ माणसं. नवांनाही हवं."

लोवरी डोळे पुसत उठली. "तुम्ही आमच्यासाठी काळं घालणार? एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी? मग कशासाठी घालायचं?"

लोवरी भारल्यासारखी काळ्या काउंटरमागे आली. बावीस वर्षांत तिने हा काउंटर ओलांडला नव्हता. तिने पितळी गज उचलला, क्रेप ताणली, दोन वार मोजले. प्रोथेरोंच्या दुकानाची रीत बापापासूनची: प्रत्येक वाराला शेवटी अंगठा आडवा ठेवायचा आणि तेवढं जास्त द्यायचं. लोवरी त्याला नेहमी उधळपट्टी म्हणायची. आज तिने वार संपला तिथे अंगठा ठेवला, क्षणभर पाहिलं, आणि अंगठ्याच्या पलीकडून कापड फाडलं.

"दादा पण अस्साच अंगठा ठेवायचे," चांभाराची मुलगी हुंदका देत म्हणाली.

"ठेवायचे म्हणजे?" लोवरीने विचारलं.

"सुताराला उंची कळवलीत ना?" औषधवालीण हलक्या आवाजात म्हणाली. "चांगले उंच होते हो जोसाया. पेटी आखूड व्हायला नको."

केझायाच्या हातातून हातमोज्यांची पेटी पडली.

फळ्या! भरदिवसा लावलेल्या फळ्या. कापडवाल्याचं दुकान दिवसा बंद होतं ते फक्त त्याच्याच घरात कोणी गेलं तर. या दुकानाला दिवसा फळ्या दोनदाच लागल्या होत्या, आईच्या वेळी आणि बापाच्या वेळी. आणि आज उमेदवार छाती धरून, टोपीवाचून, पांढराफटक होऊन घरी गेलेला गावाने पाहिला, पाठोपाठ फळ्या लागल्या. गावभरच्या मयतींना काळं पुरवणारी केझाया स्वतःच्या फळ्यांचा अर्थ विसरली होती!

"अहो बायांनो, ऐका," ती म्हणाली. पण ऐकायला कोण होतं? सगळ्या बाजूला सरकत होत्या. मागच्या दारातून वाकून कर्नल ग्विन आत येत होते. जोसायाच्या विरुद्ध उभे राहिलेले टोरी उमेदवार, नदीपलीकडच्या मोठ्या घराचे मालक. छातीवरचं निळं फूल त्यांनी काढून खिशात कोंबलं होतं, त्याचा एक कोपरा बाहेर लोंबत होता.

"कर्नलसाहेब," केझाया पुढे झाली, "माझा भाऊ काही..."

त्यांनी हात वर केला. "बोलू नका, केझाया बाई. मला समजतं. कुठे ठेवलंय?"

"ठेवलंय नाही हो, तो आपला आपण..."

पण कर्नलसाहेबांना कोठीच्या अर्धवट उघड्या दारातून काळं मेरिनो दिसलं होतं. ते आत गेले. बायका त्यांच्या मागे, लोवरी सगळ्यांच्या पुढे. जोसाया फ्लॅनेलवर उताणा, हात छातीवर जुळलेले, हनुवटीपर्यंत काळं. लोवरीने तोंडावर हात घेतला. तिला आत्ता, या क्षणी कळलं की गाव कशासाठी रडतंय.

कर्नलसाहेब एका गुडघ्यावर बसले. गुडघा मोठ्याने वाजला.

"प्रोथेरो," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "माझ्या माणसांनी निळी फीत तुमच्याच दुकानातून नेली. गावात दुसरं दुकानच नाही. मी ती घरी मोजली. म्हटलं, हा आपल्याला कमी देणार. तुम्ही प्रत्येक वाराला अंगठा जास्त दिला होतात. शत्रूला. आणि त्याच संध्याकाळी मी भर सभेत तुम्हाला चिंध्यावाला म्हणालो." त्यांनी नाक शिंकरलं. "मी तो शब्द मागे घेतो."

"लेखी द्या, कर्नलसाहेब," जोसाया डोळे न उघडता म्हणाला.

त्यानंतर काय काय झालं ते केझायाला पुढे कधीच ओळीने सांगता आलं नाही. शान म्हातारीने 'प्रभू!' म्हणून अशी आरोळी ठोकली की कपाटावरून टोप्यांचे खोके पडले. औषधवालीण बेशुद्ध पडली ती नशिबाने पिसांच्या उशांवर. कर्नलसाहेब उठायला गेले आणि गठ्ठ्यावर बसले. आणि लोवरी नवऱ्याच्या अंगावर झेपावून त्याला दोन्ही मुठींनी बडवू लागली.

"जागे होतात! जागे होतात तुम्ही!"

"अगं, हळू! औषधवालीणबाईंनी पेटीची लांबी विचारली तेव्हा जागा झालो. मग म्हटलं, पुढे काय होतं बघू. पुन्हा ऐकायला मिळेल न मिळेल."

कर्नलसाहेबांचा चेहरा लाल झाला, आणखी लाल झाला, आणि मग त्यांचं ते घोडदळी हसू कोठीभर गडगडलं. त्याबरोबर सगळ्याच हसू लागल्या. उशांवरून औषधवालीणही.

जिन्यावर पावलं वाजली. मिस्टर ओल्डरॉइड कागद हातात घेऊन दारात उभे होते, मिशीला मनुका चिकटलेली. "मी वरून सगळं पाहिलं," ते म्हणाले. "एका दुकानाच्या फळ्या लागतात आणि आख्खा रस्ता बंद होतो! असं नाव मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. मिसेस प्रोथेरो, मी ठरल्यापेक्षा जास्त द्यायला तयार आहे."

केझायाने पाहिलं, जोसायाचं हसू मावळलं होतं. तो मेरिनो बाजूला सारून उठून बसला. "शब्द दिलाय," तो म्हणाला. "जिंकलो असलो तर सही करतो." मग बोटांनी काळं कापड चाचपत, कोणाकडेच न बघता म्हणाला, "ऐकलंत ना? मेलो तेव्हा माझं एकही भाषण कोणाला आठवलं नाही. सगळ्यांना अंगठा आठवला."

विक्रीबद्दल आपण बोलायचं नाही, असं केझायाने सकाळीच ठरवलं होतं.

"विकायचं नाही," लोवरी म्हणाली.

"अगं, पण मी तुला..."

"मला दिला होतात ना शब्द? मग मी तो परत करते. तुम्ही लंडनला जा, भाषणं करा. दुकान पोसेल तुम्हाला. आम्ही तिघी इथे आहोत."

"लोवरी," केझाया अगदी हळू म्हणाली, कारण मोठ्याने बोलली असती तर आवाज फुटला असता, "या दुकानात फाडलेलं परत घेत नाहीत."

"शब्द अजून फाडलेला नाही, वन्सं. ठाणातच आहे."

मिस्टर ओल्डरॉइडनी कागदाची घडी घातली. कडेला कड न जुळवता. जोसायाने नकळत हात पुढे केला, कागद घेतला, नीट घडी घालून परत दिला.

तेवढ्यात नेस्ट धापा टाकत आत आली, गळ्यात झालर, डोळे सुजलेले. बापाला बसलेला पाहून तिने किंकाळी फोडली, त्याच्या गळ्यात पडली, मग बाजूला होऊन ओरडली, "आणि तिकडे सगळं अडलंय! निकाल तयार आहे, पण अधिकारी म्हणतो, उमेदवार गेला असेल तर जाहीर कसं करू? ईनॉककाका पायरीवर बसून तुमच्या दगडावर काय कोरायचं ते लिहितायत!"

"जिंकले का?" सगळ्या एकदम.

"सांगतच नाहीत ना!"

जोसाया दाराकडे धावला. "थांब," केझाया म्हणाली. "तू पोचेपर्यंत वाटेत चारजण भुताला घाबरून पडतील. फळ्या मी लावल्या. मीच काढते."

तिने कडी काढली, आडणा उचलला. पहिली फळी उजवीकडची. समोर औषधवाल्याच्या खिडकीत पडदा वीतभर हलला. दुसरी. तिसरी. दुसऱ्या टोकाने फळीला हात लागला, पाहते तो लोवरी. दोघींनी मिळून उरलेल्या काढल्या, आणि उघड्या दुकानात, भर उन्हात, अंगावर काळं मेरिनो तसंच लोंबणारा जोसाया दारात येऊन उभा राहिला. औषधवाल्याचा पडदा सर्रकन वर गेला. पाववाल्याचा गेला. पोस्टाचा, चांभाराचा, रस्ताभर एकामागून एक पडदे वर जात ती बातमी धावणाऱ्या माणसाच्या आधी नगरभवनाला पोचली. तिकडून एक आरोळी उठली, अशी की नदीवरचे पक्षी उडाले. बँड जिथे तुटला होता तिथूनच पुढे सुरू झाला.

आकडा त्यांना रस्त्यातूनच ऐकू आला, माणसांच्या तोंडून तोंडी येत: एकोणीस! एकोणीस मतांनी कापडवाले जोसाया! कर्नलसाहेबांनी आपली टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली, कारण जोसायाची नगरभवनात खुंटीवर राहिली होती. मग गर्दीने त्याला उचललं. खांद्यांवरून जाताना तो दोन्ही हात पसरून ओरडत होता, "हळू! मेरिनोला गाठी पडतील!"

दुकानात दोघीच उरल्या, आणि क्रेप हातात घेऊन पाववालीण.

"हे परत घ्याल का हो? आता नको ना."

केझाया आणि लोवरी एकाच वेळी म्हणाल्या, "फाडलेलं परत घेत नाही."

"मग करू काय ह्याचं?"

"जपून ठेवा," लोवरीने डोळे पुसत सांगितलं. "चाळीस वर्षांनी लागेल."

पाववालीण हसत गेली. केझायाने खाली पडलेले हातमोजे गोळा केले, जोडी जोडी लावली. दोन्ही मागण्या ऐकल्या गेल्या होत्या, मोठ्याने मागितलेली आणि हळू मागितलेली. तिला गुडघे टेकावेसे वाटले, पण काउंटरमागे जागा नव्हती. लोवरी तिथे उभी होती, क्रेपची गुंडाळी नीट गुंडाळत, आणि हलायचं नाव घेत नव्हती.

"वन्सं," ती म्हणाली, "उद्या फळ्या किती वाजता काढायच्या?"

"अध्याय वाचून झाला की."

"कुठला अध्याय?"

केझायाने तिच्याकडे पाहिलं. बावीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"पाचला खाली ये," ती म्हणाली. "आणि तोवर कोणाशी एक शब्द बोलू नकोस."